दुबईत स्वस्त आणि चांगली न्याहारी कोठे मिळेल?

आपल्या बेटावरून मुंबईला, लंडनला किंवा हजला जाणारी पुष्कळ मंडळी आता दुबईमार्गे जातात. विमान बदलायला कधी आठ-दहा तास असतात, कधी एखादी रात्र काढावी लागते. सकाळी उशिरा सगळ्यांना भूक लागते, मुले कुरकुर करतात, आणि खिशात परके पैसे असतात. अशा वेळी पोटभर, चवदार आणि परवडेल असे काय खावे?

प्रथम हे लक्षात घ्यावे, की ‘डाउनटाउन’ या नावाचा भाग दुबईत आहे, पण तो जुने शहर नव्हे. 2010 मध्ये उघडलेला, 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा तेथे आहे. मनोरा जरूर पाहावा. मात्र तेथल्या मोठ्या हॉटेलांतली ‘ब्रंच’ म्हणजे न्याहारी नव्हे, ती मेजवानी. पूर्वी ती शुक्रवारी असे. 2022 पासून देशाची सुट्टी शनिवार-रविवारी झाली, तेव्हापासून तिचा ओढा शनिवारकडे वळला. माणशी दोनशे दिरहम हा तिथे मोठा आकडा नव्हे. एका दिरहमाचे आपले साधारण बारा-साडेबारा रुपये. चौघांचे आठशे दिरहम धरले, तर सुमारे दहा हजार रुपये एका बैठकीला गेले! आपल्याकडच्या किमान मासिक पगाराचा निम्म्याहून अधिक भाग तो. एवढे देऊन मूल दोन घास खाऊन उठले, तर आईबापांच्या घशाखाली काय उतरणार?

तेव्हा मेट्रो पकडावी आणि बुरजुमान स्थानकावर उतरावे. एका बाजूला बर दुबईचा जुना बाजार, दुसऱ्या बाजूला करामा. खरे पोटापाण्याचे शहर हे आहे. खाडीवर लाकडी अब्रा होड्या चालतात, त्यांचे भाडे कित्येक वर्षे एकच दिरहम राहिले. कच्छी, सिंधी व्यापारी या काठावर फार पूर्वी आले. 1959 पासून 1966 पर्यंत तर येथे भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला खास ‘आखाती रुपया’ चाले. दिरहम आला 1973 मध्ये.

या भागात मराठी पदार्थ मिळू लागले, त्यामागे वाणसामानाचा मोठा हात आहे. 1984 मध्ये महादेव दातार यांनी दुबईत छोटेसे किराणा दुकान काढले. मुलगा धनंजय मदतीला आला, आणि त्यातूनच पुढे ‘अल अदिल’ची दुकाने झाली. मटकी, पोहे, मसाले हाताशी आले की उपाहारगृहाला मिसळ करणे सोपे जाते आणि दरही आवाक्यात राहतो. करामात ‘पेशवा’ नावाचे मराठी शाकाहारी उपाहारगृह निघाले, तेही मराठी मंडळींत नावाजले गेले.

आमचे मत विचाराल, तर उशिराच्या न्याहारीला मिसळ-पाव घ्यावा. आपले पूर्वज कोकणातून आले, पण मिसळ काही त्यांच्या गाठोड्यात नव्हती. आपल्या घरी दालपुरी, फराटा, गातो पिमां. त्यामुळे आपल्या मुलांना ती नवी वाटेल. मोड आलेली मटकी, वर फरसाण, कांदा, लिंबू आणि लाल तर्री. मटकी शिजलेली पण अख्खी हवी. तिचा लगदा झाला असेल तर ती कालची समजावी. फरसाण शेवटी घातलेले, कुरकुरीत हवे. तर्री वेगळ्या वाटीत मागावी, म्हणजे आजोबांना हवी तितकी आणि नातवाला थेंबभर. जादा पावाचे आणि रश्श्याचे वेगळे पैसे पडतात का, हे आधीच विचारावे. बिलात पाच टक्के कर असतो, तोही धरावा. एवढे करूनही चौघांचे खाणे हॉटेलातल्या एका माणसाच्या ब्रंचपेक्षा स्वस्त पडावे.

तिखट नकोच असेल तर पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी बरी. आणि त्या देशाचीच न्याहारी चाखायची असेल, तर ‘बलालीत’ मागावे. वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि त्यांवर अंड्याची पोळी! गोडावर अंडे ऐकून नाक मुरडू नका, खाऊन पाहा. शेवयांची खीर खाणाऱ्या घराला ती परकी वाटत नाही. उपासतापास असणाऱ्यांनी अर्थात अंडे नको म्हणून सांगावे.

रमझानच्या महिन्यात दिवसा पुष्कळ दुकाने बंद असतात. 2021 पासून उघड्या उपाहारगृहांना पडदे लावण्याची सक्ती दुबईत राहिलेली नाही, तरी रस्त्यावर उभे राहून खाऊ नये. व्हिसाची चौकशी मात्र घरूनच करून निघावे.

मराठी उपाहारगृहात गेल्यावर इंग्रजी किंवा फ्रेंच शोधत बसू नका. “दादा, दोन मिसळ द्या, तर्री वेगळी,” असे सरळ सांगा. आपले बोलणे ऐकून तो विचारील, “तुम्ही कुठले?” मॉरिशस म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणारच, तेव्हा घाई असली तरी पाच मिनिटे हाताशी ठेवा. मग बाहेर पडून टपरीवरचा कडक चहा घ्यावा. तिथे त्याला ‘करक’ म्हणतात.