पट्टी काय सांगते

रॅटच्या जठराचा वरचा भाग, म्हणजे फंडस, राखट आणि पातळ असतो. खालचा गुलाबी, जाडसर. कात्री चालवायची ती नेमकी या सीमेवर. मग त्या राखट पिशवीला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी काप देत तिची नागमोडी पट्टी करायची. टोकांना दोरा बांधताना चिमटा मधेच लागला की पट्टी चेचली जाते. मग कितीही सेरोटोनिन घाला, ती ढिम्म हलत नाही. फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला कोण किती पाण्यात आहे ते इथेच कळायचं, व्हायव्हात नाही.

पट्टी टांगायच्या काचपात्रात, म्हणजे ऑर्गन बाथमध्ये, ३७ अंशांवरचं क्रेब्ज द्रावण, खालून कार्बोजेनचे बुडबुडे. तासभर पट्टीला स्थिरावू द्यायचं. सेरोटोनिन पडलं की पट्टी आवळते, तिला जोडलेली तरफ सावकाश सरकते, काजळी धरलेल्या ड्रमवर पांढरी रेघ उमटते. दीडेक मिनिटाने बाथ धुवायचा. पण फंडस सैल व्हायला महा आळशी. जास्तीचं वजन लावून पट्टी ताणावी लागते, तेव्हा कुठे रेघ मूळ पातळीवर येते. आता बऱ्याच कॉलेजांत हे सॉफ्टवेअरवर दाखवतात. उंदीर वाचतात, चांगलंच आहे. पण पडद्यावरची पट्टी कधी चेचली जात नाही.

मायग्रेनवरचं सुमाट्रिप्टान अशाच पट्टीवर पारखलं गेलं, फक्त ती होती कुत्र्याच्या पायातल्या सॅफेनस शिरेची. सेरोटोनिन शिरेतून दिलं की डोकेदुखी उतरते हे आधी ठाऊक होतं, पण त्याचा बाकीचा त्रास सोसवेना. अर्गट बुरशीतलं जुनं औषध एर्गोटामाइन हातापायांच्या रक्तवाहिन्याही आवळायचं. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोतल्या पॅट्रिक हम्फ्रींच्या गटाला दिसलं, की ही शीर सेरोटोनिनच्या एका वेगळ्याच रिसेप्टरमुळे आवळते. मग सेरोटोनिनच्याच ट्रिप्टामाइन सांगाड्यात फेरफार करायचे आणि पट्टीला विचारायचं, असा वर्षानुवर्षांचा उद्योग. ५-कार्बोक्सामिडोट्रिप्टामाइनने शीर जोरात आवळली, पण इतर रक्तवाहिन्या सैल करून ते रक्तदाबही पाडायचं. १९८४ मध्ये सुमाट्रिप्टान तयार झालं, १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या बाजारात आलं.

आमच्या फंडसवर ते घातलं असतं तर रेघ जेमतेम हलली असती. तिथला सेरोटोनिनचा रिसेप्टर २बी प्रकारचा, आणि सुमाट्रिप्टानची ओढ १बी-१डीकडे. ही निवड मला त्या रेणूतली खरी करामत वाटते. पण तीही शंभर टक्के नाही. १बी रिसेप्टर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही थोडेफार असतात. म्हणून अँजायना असलेल्या किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला, डोकं कितीही ठणकत असलं तरी, ही गोळी देत नाहीत.