निशिगंधाचे कंद

“पहिल्या वर्षी निशिगंध भरभरून फुलला, आता नुसती पातच माजते,” हे गाऱ्हाणे परसबाग राखणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. मग खताला दोष देऊन आळे उपटून टाकले जाते. वस्तुतः दोष दाटीचा असतो. ज्या कंदातून एकदा फुलांचा दांडा निघाला, तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती उपजलेली पिल्ले पुढची फुले देतात. दोन-तीन वर्षांत त्यांची गर्दी होऊन एकाचेही नीट पोषण होत नाही.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. कोरड्या ऋतूत विश्रांती घेणे हा त्याचा स्वभाव. म्हणून थंडीअखेर पाने पिवळी पडली की पाणी तोडावे. खुरप्याने भोवतालची माती सैल करून गड्डा अलगद उचलावा, पिल्ले सुटी करावीत, कुजकी टाकून द्यावीत आणि उरलेली महिनाभर सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवावीत.

चैत्रात सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद वीतभर अंतराने लावावेत. लहान कंद निराळ्या वाफ्यात पोसावेत. त्यांची पाळी पुढे येईल.

देगलूरच्या काळ्या जमिनीत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ही माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्यात कंद सडतात. तेव्हा वाळू व कुजलेले शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करावा.

सारांश, न फुलणारे आळे फेकून देण्यापूर्वी एकदा खणून पाहावे. पुढच्या पावसाळ्यातील सुगंध बहुधा तेथेच दाटीत अडकलेला असतो.