बुटक्या खांबांवर उभं राहिलेलं नवल

कॉर्डोबाच्या मशिदीत शिरल्यावर नजर आपोआप वर जाते. खांबावर कमान, तिच्यावर मोकळी जागा सोडून पुन्हा दुसरी कमान. लाल वीट आणि फिकट दगड, एकाआड एक. असे साडेआठशेहून अधिक खांब, जिकडे पाहावं तिकडे रांगाच रांगा. जगात इतरत्र क्वचितच दिसणारी ही दुहेरी कमान कुणाला सुचली असेल, आणि का? कारण ऐकून थक्क व्हायला होतं: हाताशी असलेले खांब बुटके होते!

दक्षिण स्पेनमध्ये, ग्वादल्किविर नदीच्या काठी वसलेलं हे शहर रोमनांच्या काळी बेटिका प्रांताची राजधानी होतं. तत्त्वज्ञ सेनेका इथलाच. रोमनांनंतर व्हिसिगॉथ या जर्मनिक टोळ्या आल्या, आणि 711 मध्ये मुस्लिम सैन्य. दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली तेव्हा त्यातून निसटलेला तरुण राजपुत्र अब्द अल्-रहमान याने 756 मध्ये कॉर्डोबा घेतलं आणि 785 च्या सुमारास मशिदीचं काम सुरू केलं. खांब घेतले ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे. कुणाचा दगड वेगळा, कुणाची उंची वेगळी, पण एवढ्या विस्तीर्ण दालनाला शोभेल इतकं उंच छत उचलून धरण्याजोगा एकही नाही.

मग कारागिरांनी खांबांवर दगडी स्तंभिका चढवल्या. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान छत पेलत नाही. ती दोन खांबांना आपापल्या जागी धरून ठेवते. छताचा भार घेते ती वरची अर्धवर्तुळाकार कमान. बांधकाम सहसा खाली रुंद, वर निमुळतं. इथे सगळं उलट: तळाशी सडपातळ खांब आणि वर जाड भिंत, इतकी जाड की पावसाचं पाणी वाहून नेणारे पन्हळ तिच्याच माथ्यावरून जातात. एवढं वजन डोक्यावर असूनही सगळं हलकं, तरंगतं वाटतं. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढच्या दोन शतकांतल्या प्रत्येक विस्तारात जशीच्या तशी गिरवली गेली.

929 मध्ये तिसऱ्या अब्द अल्-रहमानने स्वतःला खलिफा घोषित केलं आणि कॉर्डोबा पश्चिम युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक बनलं. त्याच्या मुलाने, दुसऱ्या अल्-हकमने, मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, सोनेरी मोझेकने मढवला. त्यासाठी काचेचे तुकडे ख्रिस्ती बायझंटाइन सम्राटाने पाठवले होते! नंतर अल्-मन्सूर या प्रबळ वजिराने मशीद पूर्वेकडे वाढवली, कारण दक्षिणेला नदी आडवी येत होती. म्हणून मिहराब आज मध्यभागी नाही.

याच शहरात शल्यविशारद अल्-झहरावीने शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं काढून त्यांचा वापर समजावला, आणि तो ग्रंथ युरोपातले वैद्य शतकानुशतकं वापरत राहिले. खगोलज्ञ अल्-मज्रीतीने बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीची खगोलकोष्टकं कॉर्डोबाच्या रेखांशाला जुळवून घेतली. त्या कोष्टकांचा पाया भारतीय सिद्धान्तग्रंथांच्या गणितात होता. म्हणजे आपल्याकडची आकडेमोड बगदादमार्गे स्पेनच्या या टोकापर्यंत पोहोचली होती. पुढे बाराव्या शतकात मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द आणि ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस इथेच जन्मले.

वैभवाला दृष्ट लागली ती आतूनच. शहराबाहेरची मदीना अझहरा ही खलिफाची राजनगरी बांधून शंभर वर्षं व्हायच्या आत यादवीत लुटली गेली. तिचे अवशेष आज पाहता येतात. 1236 मध्ये कास्तीलच्या तिसऱ्या फर्नांडोने कॉर्डोबा जिंकलं; मशिदीचं कॅथेड्रल झालं, पण इमारत राहिली. 1523 मध्ये मात्र धर्माधिकाऱ्यांनी तिच्या पोटात नवं उंच चर्च बांधायला घेतलं. त्या वेळी शहराच्या कारभाऱ्यांनीच, तेही ख्रिस्ती, पाडकाम करणाऱ्या मजुरांना देहदंडाची तंबी दिली! शेवटी सम्राट पाचव्या चार्ल्सने चर्चच्या बाजूने कौल दिला. आज कमानींच्या रांगांतून चालता चालता अचानक पांढरंशुभ्र, उंच कॅथेड्रल समोर येतं, आणि बाहेरच्या घंटाघराच्या पोटात जुना मिनार दडलेला आहे.

मशिदीबाहेर ज्यू वस्तीच्या अरुंद गल्ल्या आहेत, 1315 चं छोटं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आहे, नदीवर रोमनांनी बांधलेला आणि पुढे अनेकदा डागडुजी झालेला पूल आहे. मे महिन्यात घराघरांतले पातिओ लोकांसाठी उघडतात. आपल्या वाड्याच्या चौकासारखंच हे अंगण, भिंतभर जिरेनियमच्या कुंड्या टांगलेलं. उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या या शहरात तेच अंगण घराला गारवा देतं.

कॉर्डोबाला जाणार असाल तर एक पूर्ण सकाळ मशिदीसाठी राखून ठेवा. सोनेरी मिहराबाकडे धावू नका. आधी प्रवेशद्वाराजवळच्या सर्वांत जुन्या भागात थांबा आणि शेजारशेजारचे दोन खांब नीट पाहा. एकाचा दगड दुसऱ्याशी जुळत नाही, आणि तरीही त्यांच्यावरची कमान बारा शतकं ढळलेली नाही.