खुतब्यातली नावे आणि सोलापूरचे ठाणे

इराण आणि सौदी अरेबिया यांच्यातल्या स्पर्धेचा विषय निघाला की, तिचे मूळ चौदा शतकांपूर्वीच्या शिया-सुन्नी वैरात आहे आणि हे वैर मिटणारे नसल्यामुळे पश्चिम आशियात कधी ना कधी मोठे युद्ध भडकणारच, असे ठामपणे सांगितले जाते. मराठी वाचकाला हा सारा झगडा दूरच्या वाळवंटातला वाटतो; परंतु घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या ईशान्येला जुन्नर आणि शिवनेरी, तर दक्षिणेला चाकणचा भुईकोट, एवढ्या लहानशा टापूत या झगड्याचे एक मोठे प्रकरण पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत घडून गेले आहे. त्यात पंथ बदलणारे सुलतान होते, इराणच्या शाहाला पत्रे लिहिणारे दरबार होते, परदेशी आणि देशी सरदारांच्या कत्तली होत्या आणि शेवटी उत्तरेकडून आलेली मोगलांची फौजही होती. पंथभेदातून युद्ध नेमके कसे आणि केव्हा उभे राहते, हे समजून घ्यायचे असेल, तर जुन्नरच्या निजामशाहीइतके जवळचे उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाल्यावर मुस्लिम समाजाचे नेतृत्व कोणाकडे जावे, यावरून हे दोन पंथ पडले. समाजाने निवडलेले अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली हे चारही खलिफा ज्यांना मान्य ते सुन्नी. आणि नेतृत्वाचा हक्क पैगंबरांचे जावई अली व त्यांच्या वंशातल्या इमामांचाच होता, असे मानणारे ते शिया. ६८० मध्ये अलींचे पुत्र हुसेन करबला येथे मारले गेले आणि त्या दिवसाचा शोक मोहरमच्या रूपाने आजही पाळला जातो. आज जगातल्या मुस्लिमांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोक शिया आहेत. इराण, इराक, अझरबैजान आणि बहरीन या देशांत त्यांचे बहुमत आहे. बारा इमाम मानणाऱ्या शिया पंथाला मोठ्या राज्याचा आधार मिळाला तो मात्र बराच उशिरा, १५०१ मध्ये, जेव्हा सफवी घराण्याच्या शाह इस्माईलने इराणात तो राजधर्म केला. शेजारचे तुर्की उस्मानी साम्राज्य सुन्नी होते, त्यामुळे पंथांमधली सीमा आणि दोन साम्राज्यांमधली सीमा एकच झाली आणि त्यानंतरच या भेदाला राज्याराज्यांतल्या युद्धाचे रूप आले.

दख्खनमध्ये या भेदाची जमीन त्याआधीच तयार झालेली होती. बहमनी सुलतान इराण, इराक आणि मध्य आशियातून लढवय्ये, कारभारी आणि विद्वान बोलावत असत. चौल-दाभोळच्या बंदरांत अरबी घोड्यांबरोबर अशी माणसेही उतरत आणि घाट चढून जुन्नरसारख्या ठाण्यांत येत. १४६९ च्या सुमारास चौलहून जुन्नरला येऊन पावसाळा काढलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने खुरासाणी अमिरांचे वजन किती होते, हे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. या परदेशी मंडळींना आफाकी म्हणत, तर पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मुस्लिम सरदारांना दखनी म्हणत. आफाकींमध्ये शिया पुष्कळ होते आणि दखनी व त्यांच्या बाजूचे हबशी बहुतेक सुन्नी. पण भांडण मुळात मानमरातबाचे, जहागिरीचे आणि सुलतानाच्या कानाशी कोण बसणार याचे होते.

ते किती भीषण होऊ शकते, हे पंधराव्या शतकाच्या मध्यास चाकणला दिसले. कोकणच्या स्वारीवर गेलेला मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन हा आफाकी सरदार शिर्क्यांच्या आणि संगमेश्वरच्या राजाच्या डावपेचांमुळे विशाळगडाच्या रानात मारला गेला आणि त्याच्या फौजेतले वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात परतले. दखनी सरदारांनी ते फितूर झाल्याची खबर बहमनी राजधानी बिदरला पोहोचवली, किल्ल्याला सुमारे दोन महिने वेढा घातला आणि शेवटी शपथेवर अभय देऊन, मेजवानीला बोलावून त्यांना कापून काढले. इतिहासकार फिरिश्ता या कत्तलीत १,२०० सय्यद मेल्याचे लिहितो. फिरिश्ता स्वतः इराणी कुळातला आणि शिया होता व त्याने हे सुमारे दीडशे वर्षांनंतर लिहिले, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा लागतो. पण खरी हकीकत कळल्यावर सुलतानाने पुढे दखनी सरदारांना कडक शिक्षा केल्या, हेही तोच सांगतो. या प्रसंगात कोणीही दुसऱ्याचा पंथ बुडवायला निघालेला नव्हता. दरबारातले दोन गट हत्यारबंद होते आणि एकाला दुसऱ्याबद्दल काहीही खरे वाटू शकत होते, एवढ्यावर ते भागले.

जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने शिवनेरीचा किल्ला आणि तिथे साठवलेला वसूल ताब्यात घेऊन १४९० मध्ये स्वतंत्र निजामशाही उभी केली आणि चार वर्षांनी अहमदनगर वसवले. हा घराण्याचा पहिला पुरुष सुन्नी होता. १५०२ च्या सुमारास विजापूरच्या यूसुफ आदिलशाहाने इराणचे उदाहरण डोळ्यापुढे ठेवून शिया पंथाचा खुतबा वाचायला लावला. खुतबा म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाच्या वेळचे प्रवचन. त्यात ज्या राजाचे नाव घेतले जाते तो तिथला सत्ताधीश, आणि ज्या धर्मपुरुषांची नावे घेतली जातात तो तिथला राजपंथ, असा संकेत असल्यामुळे खुतब्यातले एक नाव बदलणे ही उघड राजकीय घोषणा असे. ती ऐकताच बिदरच्या अमीर बरीदने धर्माच्या नावाने शेजाऱ्यांना हाक दिली आणि मलिक अहमदही फौज घेऊन निघाला. या संघात गोवळकोंड्याचा सुलतान कुली कुत्ब-उल्-मुल्कही होता, आणि तो मनाने शियाच होता. संकटात सापडलेला यूसुफ वऱ्हाडच्या इमाद-उल्-मुल्ककडे गेला. त्याने यूसुफला तूर्त सुन्नी खुतबा परत सुरू करायला लावले आणि दुसरीकडे मलिक अहमद व कुत्ब-उल्-मुल्क यांना सांगून धाडले की, बरीदला धर्माची नव्हे, विजापूरची भूक आहे. ते पटल्यावर दोघेही आपापल्या मुलखाला परतले आणि धर्मयुद्धाची हवा निघून गेली. पुढे सवडीने यूसुफने शिया खुतबा पुन्हा चालू केला. एका समजूतदार शेजाऱ्याने मध्यस्थी केली आणि चालून आलेल्यांना आपला खरा स्वार्थ कशात आहे ते दिसले, म्हणून एक मोठे युद्ध टळले. या प्रकरणात शिकण्यासारखे ते हेच.

जे टळले नाही, ते सोलापूरचे भांडण. १५२४ मध्ये मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याचे लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाच्या बहिणीशी झाले आणि हुंड्यात सोलापूर देण्याचे ठरले, असे अहमदनगरचे म्हणणे होते. किल्ला मात्र हाती आला नाही आणि दोन्ही घराणी त्यावरून रणात उतरली. त्या वेळी इस्माईल कट्टर शिया होता, त्याच्या शिपायांच्या डोक्यावर इराणी धर्तीची बारा टोकांची लाल टोपी असे आणि बुऱ्हाण सुन्नी होता, तेव्हा हा पंथांचा संघर्ष आहे असे कोणालाही वाटले असते. पण १५३४ मध्ये इस्माईलच्या मागून गादीवर आलेला इब्राहीम आदिलशाह सुन्नी झाला, त्याने लाल टोप्या बंद केल्या, बहुतेक आफाकींना कमी करून दखनी व हबशींना पुढे आणले आणि हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी मराठीला जागा दिली. इकडे १५३७ मध्ये बुऱ्हाण शिया झाला. दोन्ही घराण्यांनी पंथांची अदलाबदल केली आणि सोलापूरसाठीचे युद्ध होते तसे चालू राहिले.

बुऱ्हाणच्या पंथांतरामागे शाह ताहिर हा विद्वान होता. शाह इस्माईलच्या रोषामुळे तो इराणातून निसटला, गोव्याला उतरला आणि १५२२ च्या सुमारास अहमदनगरच्या आश्रयाला आला. फिरिश्त्याची कथा अशी की, बुऱ्हाणचा लाडका मुलगा अब्दुल कादिर तापाने फणफणला असताना, मुलगा वाचला तर बारा इमामांची नावे खुतब्यात घ्यावीत, असा नवस शाह ताहिरने राजाला करायला लावला. त्या रात्री पोराने अंगावरची दुलई पुन्हा पुन्हा फेकून दिली, अखेर थकलेल्या बापाला डुलकी लागली आणि स्वप्नात त्याला पैगंबर व बारा इमाम दिसले. जाग आली तेव्हा कोणी न घालता दुलई मुलाच्या अंगावर होती आणि ताप उतरला होता. कथेतला चमत्कार श्रद्धेचा भाग आहे, परंतु आजारी लेकरापाशी जागणाऱ्या बापाची श्रद्धा खोटी ठरवण्याचे काही कारण नाही. परिणाम मात्र ताबडतोब राजकीय झाले: छत्र-निशाणांचा रंग हिरवा झाला, नगरात मुल्ला पीर मुहंमदच्या मागे जमाव जमून राजवाड्यावर चालून आला आणि शेजारच्या सुन्नी राज्यांनी हा मुलूख वाटून घेण्याचे बेत केले. बाजूची गणिते मात्र पंथाप्रमाणे जुळली नाहीत. याच बुऱ्हाणने कावरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा नेमले होते आणि विजापूरविरुद्ध त्याला सर्वांत मोठी मदत मिळाली ती विजयनगरच्या रामरायाची. शाह ताहिरच्या काळात उभा राहिलेला बारा इमाम कोठला अहमदनगरात अजून आहे आणि मोहरमची तिथली सवारी पाहायला येणाऱ्या गर्दीत सुन्नी आणि हिंदू भाविकही असतात.

१५५८ नंतर विजापूरला अली आदिलशाह आला आणि तोही शिया, म्हणजे आता दोन्ही गाद्या एकाच पंथाच्या झाल्या, तरी अलीने रामरायाला घेऊन अहमदनगरवर स्वारी केलीच. समेट झाला तो लग्नाने: हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अलीला दिली गेली आणि तिच्या हुंड्यात गेले सोलापूर. त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या फौजा एक होऊन रामरायावर तालिकोटच्या रणांगणात तुटून पडल्या.

राज्यांमधली युद्धे किल्ल्यांसाठी होत राहिली, तरी पंथाचे विष राजधानीच्या आत भिनत गेले होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५८९ मध्ये मिर्झा खान या आफाकी कारभाऱ्याने अहमदनगरचा सुलतान दुसरा हुसेन याला ठार केल्यावर जमाल खानाच्या नेतृत्वाखाली दखनी आणि हबशींनी अहमदनगरात दिवसचे दिवस आफाकींची कत्तल केली. जमाल खान महदवी होता, म्हणजे जौनपूरचे सय्यद मुहंमद हेच अपेक्षित महदी, तारणहार, असे मानणाऱ्या पंथाचा, आणि त्याने तोच राजपंथ केला. १५९१ मध्ये रोहिणखेडला तो पडला आणि दुसऱ्या बुऱ्हाणने शिया पंथ परत आणला. या उलथापालथीने राज्य इतके खिळखिळे झाले की, १५९५ मध्ये वारसाच्या भांडणात मियाँ मंजू या दखनी पुढाऱ्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावले. माहेरी परतलेल्या चांदबिबीने किल्ला लढवला, पण वऱ्हाड द्यावे लागले आणि १६०० मध्ये अहमदनगर पडले. एका गटाने दुसऱ्याच्या भीतीने बाहेरची सत्ता घरात घेतली, ती परत गेली नाही. निजामशाहीचा घात झाला तो इथे; बारा इमामांच्या नावांनी तो झाला नाही.

उरलेले राज्य मलिक अंबरने काही काळ जुन्नरहून चालवले. याच काळात विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह इराणच्या शाह अब्बासकडे मोगलांविरुद्ध मदतीची याचना करत होता आणि इब्राहीम स्वतः सुन्नी होता. शाह अब्बासने जहांगीरला मध्यस्थीची पत्रे लिहिली, १६२२ मध्ये मोगलांचे कंदाहार घेतले, पण दख्खनसाठी एकही फौज धाडली नाही. दूरच्या आश्रयदात्याने स्वतःचाच सरहद्दीचा हिशेब पाहिला. शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला, त्या १६३० नंतर सहा वर्षांतच शहाजीराजांनी सावरून धरलेली निजामशाही माहुलीच्या शरणागतीने संपली. त्याच १६३६ मध्ये शाहजहानने गोवळकोंड्याच्या कुत्बशाहाकडून खंडणीबरोबर आणखी एक अट लिहून घेतली: खुतब्यातून बारा इमामांची आणि इराणच्या शाहाची नावे काढावीत, चार खलिफांची आणि मोगल बादशहाची घ्यावीत. अटीचा पहिला भाग पंथाचा दिसतो. पण शाहजहानला झोंबत होते ते इराणच्या शाहाचे नाव.

आजच्या पश्चिम आशियाकडे या अनुभवातून पाहिले, तर अनेक गोष्टी उलगडतात. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात इराकी सैन्यातले बहुसंख्य शिया शिपाई शिया इराणविरुद्ध लढले. शिया बहुसंख्य अझरबैजानपेक्षा ख्रिस्ती आर्मेनियाशी इराणचे सूत अधिक जुळले आणि सुन्नी हमासला इराणने शस्त्रे पुरवली. दुसरीकडे १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर इराण आणि सौदी अरेबिया या दोन्ही बाजूंनी पंथाच्या नावाने पैसा आणि प्रचार ओतला, २००३ नंतर इराकमध्ये, २०११ पासून सीरियात आणि २०१४ पासून येमेनमध्ये दुबळ्या झालेल्या राज्यांतले सशस्त्र गट आपापला आश्रयदाता शोधू लागले आणि शेजारी शेजाऱ्याला पंथ विचारून मारू लागला. ही मियाँ मंजूचीच चाल आहे, आणि धोका आहे तो तिच्यात. निमर अल्-निमर या शिया धर्मगुरूंना सौदीने २०१६ मध्ये मृत्युदंड दिल्यावर तुटलेले इराण-सौदी संबंध मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये पुन्हा जुळले, तेव्हा कोणाचाही पंथ बदललेला नव्हता. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवसांचे युद्ध झाले, अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, त्याला उत्तर म्हणून इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली. आणि इस्रायली हल्ल्याचा जाहीर निषेध करणाऱ्यांत सुन्नी सौदी अरेबिया होता. आखातातल्या राजवटींना सर्वांत अधिक भीती होती ती आपल्या तेलकेंद्रांवर आणि बंदरांवर या आगीची झळ येण्याची. जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो, तिथूनच पूर्वी जुन्नरला येणारे घोडे जहाजांवर चढत. आज आखाताच्या किनाऱ्यांवरच्या शहरांत लाखो भारतीय कामाला आहेत आणि आंबेगाव-जुन्नरच्या कालव्यांवर पिकणाऱ्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईकही त्याच आखातात आहे.