जिव्या सोमा म्हसे: चौकातून कॅनव्हासवर

वारली लग्नघरात पालघाट देवीचा चौक रेखाटण्याचा मान सवाशिणींचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) विधी नसतानाही रोज चित्रे काढू लागले आणि तांदळाच्या पिठाची ती पांढरी रेघ भिंत सोडून कागदावर आली. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांची ताकद ओळखली.

त्यांचे मासेमारीचे जाळे पाहावे. शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर बारीक रेघांची दाट वीण पसरत जाते आणि कडेला चिमुकली माणसे उरतात. अमूर्त चित्रकलेच्या इतक्या जवळ ते पोचले, तेही कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता! १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. पुढे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबतही त्यांनी काम मांडले. पद्मश्री मिळाली २०११मध्ये.

पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांच्या भिंतींवर तारप्याभोवतीचा नाच रंगवणाऱ्यांनी म्हसेंची मूळ चित्रे जरूर अभ्यासावीत. त्रिकोणी धडांची नक्कल सोपी आहे. प्रत्येक आकृतीतली हालचाल मात्र त्यांनी आयुष्यभर निरखून मिळवली होती.