स्क्रॅच : कोणत्या चौकोनावर क्लिक झालं हे कसं कळतं?



स्क्रॅचमध्ये मांजर चालवणं मुलं पटकन शिकतात. मग त्यांना शब्दांचा तक्ता करावासा वाटतो. पडद्यावर नऊ चौकोन असतील आणि ज्यावर माऊस क्लिक करू त्याचाच शब्द दिसेल. यासाठी नऊ स्प्राइट घेऊन तोच कोड नऊ वेळा जोडता येतो. पण चौकोन २५ करायचे म्हटले की मूल कंटाळतं. त्यावर उपाय आहे लिस्ट आणि क्लोन.

आधी हजेरीपट आठवा

प्रत्येक मुलाकडे अख्खा हजेरीपट नसतो, फक्त स्वतःचा हजेरी क्रमांक असतो. तो क्रमांक सांगितला की पटावर नाव सापडतं. इथे चौकोन म्हणजे मूल आणि लिस्ट म्हणजे हजेरीपट.

कृती

१. ‘शब्द’ नावाची लिस्ट करा, त्यात नऊ शब्द भरा.

२. चौकोनाचा एकच स्प्राइट घ्या. ‘क्रमांक’ हा व्हेरिएबल करताना ‘फॉर धिस स्प्राइट ओन्ली’ निवडा.

३. हिरव्या झेंड्याखाली: हाईड करा, क्रमांक १ करा. मग रिपीट ९ मध्ये दोन ठोकळे ठेवा: ‘क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ’ आणि ‘चेंज क्रमांक बाय १’.

४. ‘व्हेन आय स्टार्ट अ‍ॅज अ क्लोन’ खाली जागा ठरवा. (क्रमांक − १) ला ३ ने भागा. बाकी म्हणजे स्तंभ, भागाकाराचा पूर्णांक म्हणजे ओळ. बाकीसाठी ‘मॉड’, पूर्णांकासाठी ‘फ्लोअर’ वापरा.
एक्स = −१२० + १२० × स्तंभ
वाय = १०० − १०० × ओळ
शेवटी ‘शो’.

५. ‘व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड’ खाली ‘से’ ठोकळ्यात ‘आयटम क्रमांक ऑफ शब्द’ बसवा.

पडताळा घ्या. क्रमांक ५ असेल तर ५ − १ = ४. ४ ला ३ ने भागल्यावर बाकी १, भागाकार १. म्हणून एक्स ०, वाय ०, म्हणजे बरोबर मधला चौकोन! चौथीतला भागाकार इथे कामाला येतो.

हे चालतं कसं?

क्लोन तयार होताना मूळ स्प्राइटचा त्या क्षणीचा क्रमांक स्वतःकडे घेतो. नंतर मूळ क्रमांक वाढला तरी त्याचा बदलत नाही. क्लिक केल्यावर माऊसखालच्या, सर्वांत वर असलेल्या क्लोनचाच कोड चालतो आणि तो आपलाच क्रमांक वाचतो. कोड एकच, पण उत्तरं नऊ!

मुलं अडकतात ती जागा

दुसऱ्या पायरीत ‘फॉर ऑल स्प्राइट्स’ निवडलं तर कुठेही क्लिक करा, शब्द येत नाही. कारण क्रमांक सगळ्यांचा मिळून एकच राहतो आणि रिपीट संपल्यावर तो १० होतो. लिस्टमध्ये दहावा शब्दच नाही! अशा वेळी लगेच दुरुस्त करून देऊ नका. क्रमांकासमोरच्या चौकटीत टिक करायला सांगा. पडद्यावर १० दिसला की कारण मूल स्वतः शोधतं.

पुढे फक्त लिस्ट बदला. त्याच कोडवर प्राण्यांची नावं, सातचा पाढा, समानार्थी शब्द, काहीही चालेल. चौकोन वाढवायचे असतील तर रिपीटचा आकडा आणि जागेचं गणित बदला. मात्र स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० पेक्षा जास्त क्लोन होत नाहीत.

पालकहो, घरी संगणक नसला तरी वहीत नऊ चौकोन आखा, शेजारी शब्दांची यादी लिहा. एका चौकोनावर बोट ठेवून विचारा, “याचा क्रमांक किती? यादीत तिथे काय आहे?” हे जमलं की कोड जोडणं अवघड नाही. नक्की करून बघा!