खेळयंत्रांचा बाजार

मुलांनो, सीतादही आटोपून पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो. तो म्हणजे, ‘यंदा भाव काय निघाला?’ भाव चढला तर घरात आनंद होतो; भाव उतरला तर पुष्कळसे बेत पुढील वर्षावर ढकलावे लागतात. बाजाराचा हा चढउतार केवळ कापसाच्याच वाट्याला येतो असे मात्र नाही. ज्या वस्तूंकडे आपण निव्वळ करमणूक म्हणून पाहतो, त्यांनाही तो चुकलेला नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून ज्यावर खेळ खेळतात, त्या खेळयंत्रांच्या बाजारात सध्या असाच उतार लागला आहे. त्याची कारणे कोणती आणि पुढे काय होण्याचा संभव आहे, याचा विचार आपण या पाठात करू.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. बोलण्यात आपण सर्वच गोष्टींना ‘व्हिडिओ गेम’ म्हणतो. परंतु त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे यंत्राची पेटी. तिला इंग्रजीत कन्सोल असे नाव आहे. दुसरी म्हणजे त्या पेटीत घालावयाचा खेळ. पूर्वी हा खेळ कॅसेटमध्ये भरलेला असे, पुढे तो तबकडीवर आला आणि आता बहुधा इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरवून घेतात. पेटीवाचून खेळ मुका आणि खेळावाचून पेटी रिकामी, असे हे नाते आहे.

हे नाते मला एका विद्यार्थ्याने शिकविले. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मी माध्यमिक शाळेत शिकवीत असे. एके दिवशी आठवीच्या एका मुलाच्या दप्तरात एक पिवळी कॅसेट सापडली. मी रागावून ती काढून घेतली आणि म्हणालो, “घरी अभ्यास सोडून हेच करतोस काय?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, घरी तर टी.व्ही.सुद्धा नाही. यंत्र बाजारातल्या दुकानात आहे. तिथं तासाचे पैसे द्यावे लागतात. कॅसेट तेवढी माझी आहे.” पैसे साठवून त्याने खेळ विकत घेतला होता, परंतु तो खेळण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती होते. मी ती कॅसेट संध्याकाळी त्याला परत केली. पण त्याचे ते वाक्य माझ्या मनात राहून गेले.

या व्यापाराचे मर्म त्या वाक्यातच साठविलेले आहे. यंत्र तयार करणारे कारखानदार पुष्कळ वेळा ते उत्पादनखर्चाच्या आसपास विकतात; प्रसंगी तोटाही सोसतात. खरा नफा त्यांना पुढे खेळांच्या विक्रीतून मिळतो. दुसऱ्या कोणी तयार केलेला खेळ त्या यंत्रासाठी विकला गेला, तरी किमतीचा काही भाग यंत्राच्या मालकाकडे जातो. आज हा भाग सामान्यतः ३० टक्क्यांच्या आसपास असतो. अडत्या ज्याप्रमाणे प्रत्येक गाडीमागे आपली अडत घेतो, त्याप्रमाणेच हे आहे. म्हणून जितकी अधिक यंत्रे घरोघरी पोहोचतील, तितका बाजार मोठा, हे गणित वर्षानुवर्षे चालत आले.

या धंद्याचा आरंभ १९७२ साली अमेरिकेत झाला. त्या वर्षी ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके तेवढे हलत आणि मैदानाचे चित्र हवे असल्यास काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवावा लागे. एवढ्या साध्या आरंभापासून दहा वर्षांत हा व्यापार अब्जावधी डॉलरांचा झाला. लाभ दिसताच अनेक कंपन्या त्यात उतरल्या. घाईघाईने केलेल्या निकृष्ट खेळांनी दुकाने भरून गेली आणि १९८३ साली बाजार कोसळला. सुमारे ३ अब्ज २० कोटी डॉलरांची अमेरिकेतील वार्षिक विक्री १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली. ‘अटारी’ या कंपनीने आपल्या न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरून टाकल्या. २०१४ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा त्यांपैकी कित्येक मातीतून पुन्हा वर आल्या.

त्या वेळी खेळयंत्रांचा काळ संपला, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. जपानमधील ‘निन्टेन्डो’ या कंपनीने १९८३ सालीच आपल्या देशात एक नवे यंत्र आणले आणि १९८५ साली ते अमेरिकेत नेले. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात स्थापन झाली, तेव्हा ती हाताने तयार केलेले खेळण्याचे पत्ते विकत असे. पत्ते गेले, कॅसेट आल्या. साधन पालटले, परंतु माणसाची खेळण्याची हौस पालटली नाही, ही गोष्ट तिने ओळखली होती.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही असाच एक धडा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून होणारा कापसाचा पुरवठा खुंटला. साहजिकच त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे, विशेषतः वऱ्हाडाकडे वळली. कापसाचे भाव अतोनात चढले. मुंबईत या पैशाच्या जोरावर सट्ट्याला ऊत आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव घसरले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. तरीही वऱ्हाडातील कापूस संपला काय? नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७० साली, जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि त्यावरून कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या. प्रसंगाने चढलेला भाव प्रसंगाबरोबर उतरला. खरी गरज तेवढी टिकून राहिली.

आता आजच्या उताराकडे वळू. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे जगभर लोक घरात बसले. शाळा बंद, मैदाने ओस. अशा वेळी खेळयंत्रांना मोठी मागणी आली. निन्टेन्डोचे ‘स्विच’ हे यंत्र २०२०-२१ या एका वर्षात २ कोटी ८८ लाख इतके खपले. २०२४-२५ साली तीच विक्री १ कोटी ८ लाखांवर आली. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ५’ २०२३-२४ साली २ कोटी ८ लाख विकले गेले होते. पुढील वर्षी ते १ कोटी ८५ लाख विकले गेले. मायक्रोसॉफ्ट कंपनी ‘एक्सबॉक्स’ हे यंत्र विकते. जून २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात या यंत्रांच्या विक्रीपासूनचे तिचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानाने २५ टक्क्यांनी घटले.

या घसरणीची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण कालचक्राचे. अशा यंत्राचे आयुष्य सहा-सात वर्षांचे असते. ज्यांना ते हवे असते, ते आरंभीच्या वर्षांत घेऊन टाकतात आणि मग विक्री मंदावते. ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ हे नवे यंत्र निघाले, तेव्हा पहिल्या चारच दिवसांत त्याची ३५ लाखांहून अधिक विक्री झाली. म्हणजे जुन्याची मंदी हा सर्वस्वी ऱ्हास नव्हता. त्यात नव्याची वाट पाहणेही होते.

दुसरे कारण किमतीचे आहे. पूर्वी काळ लोटला की यंत्रातील भाग स्वस्त होत आणि किंमतही उतरे. ‘प्लेस्टेशन २’ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरांना आले आणि २००९ साली ९९ डॉलरांना मिळू लागले. त्यामुळे सामान्य घरातील मुलेही उशिरा का होईना, त्यापर्यंत पोहोचली. त्याची विक्री जगात १५ कोटींच्या वर गेली. आता प्रवाह उलटा वाहतो आहे. ‘प्लेस्टेशन ५’ची अमेरिकेतील किंमत २०२० साली ५०० डॉलर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती ५५० डॉलर झाली. पाच वर्षांचे जुने यंत्र नव्याहून महाग व्हावे, ही या धंद्यातील नवलाची गोष्ट होय.

तिसरे कारण तुमच्या आमच्या हातात आहे. ते म्हणजे मोबाइल. २०१६ सालानंतर आपल्या देशात इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतील घरांतही स्मार्टफोन आले. ज्या उपकरणावर बोलता येते, पैसे पाठविता येतात, हवामानाचा अंदाज पाहता येतो, त्याच उपकरणावर खेळताही येते. मग निव्वळ खेळासाठी वेगळी पेटी कोण घेईल? जगात खेळांवर होणाऱ्या एकूण खर्चापैकी सुमारे निम्मा वाटा आज मोबाइलवरील खेळांचा आहे.

हा हिशेब आपल्या शेताच्या बांधावर बसून करून पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन ५’ भारतात आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या हंगामात सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. म्हणजे एका यंत्रासाठी जवळजवळ १३ क्विंटल सोयाबीन विकावे लागले असते. कोरडवाहू जमिनीत एकरी ५ क्विंटल उत्पन्न धरले, तर अडीच एकरांहून अधिक शेताचे हे पीक झाले. त्यात बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च आपण धरलेलाच नाही. श्रीमंत देशांत ज्या यंत्राची विक्री घटली म्हणून चिंता व्यक्त होते, ते आपल्या बहुसंख्य घरांच्या उंबरठ्यापर्यंत मुळी आलेलेच नव्हते, ही गोष्ट या हिशेबावरून ध्यानात येते.

मग पुढे काय होईल? भविष्य ठामपणे सांगणे धाडसाचे ठरेल. तथापि वाटा कोणत्या दिशेने जातात ते दिसते. ‘सेगा’ या जपानी कंपनीने २००१ साली यंत्रे बनविणे सोडून दिले आणि दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी खेळ तयार करणे पत्करले. आज मायक्रोसॉफ्टही आपले कित्येक खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर विकते. खेळ दूरच्या संगणकावर चालवून त्याचे चित्र तेवढे आपल्या पडद्यावर पाठवावे, असाही प्रयत्न होत आहे. मात्र तो मार्ग वाटतो तितका सोपा नाही. गूगलने २०१९ साली सुरू केलेली ‘स्टेडिया’ ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. एकंदरीत पाहता पेटीचे महत्त्व कमी होत जाईल आणि खेळाचे वाढत जाईल, असे अनुमान करण्यास जागा आहे.

यात आपल्यासाठी एक आशेची गोष्टही आहे. पेटी बनविण्यास अब्जावधींचे भांडवल लागते. खेळ रचण्यास मुख्यत्वे कल्पना, चित्रकला, संगीत, गणित आणि चिकाटी लागते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ रचला. आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे आणि तिच्यात भारतीय पुराणकथांचे संस्कार आहेत. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम ‘स्विच’वर आणि त्याच वर्षी इतर यंत्रांवरही आला. जगातील उत्कृष्ट पहिल्या कलाकृतींच्या स्पर्धेत, ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये, त्याला नामांकन मिळाले. पुण्यात जे झाले, ते उद्या बुलढाण्यात का होऊ नये?

परंतु एका हानीकडेही लक्ष द्यावयास हवे. कॅसेट किंवा तबकडी विकत घेतली, की ती आपली होई. ती मित्राला देता येई, जुन्या बाजारात विकता येई. आता पुष्कळसे खेळ कंपनीच्या इंटरनेटवरील दुकानातून घ्यावे लागतात. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची अशी दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद केले. त्यानंतर तेथे नवा खेळ विकत घेणे अशक्य झाले. जे खेळ केवळ तेथेच मिळत, ते नव्या मुलांना सहजासहजी मिळेनासे झाले. पुस्तकांसाठी ग्रंथालये असतात. जुन्या खेळांचे जतन कोणी करावयाचे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

काही वर्षांपूर्वी मी बाजारातून जात असता त्या जुन्या दुकानापाशी थांबलो. तेथे आता मोबाइल दुरुस्त होतात. आत काम करणारा तरुण उठून बाहेर आला आणि त्याने मला नमस्कार केला. तो तोच विद्यार्थी होता. दुकान आता त्याचे होते. मी विचारले, “तुझ्या त्या कॅसेटचे काय झाले?” त्याने टेबलाचा खण उघडून ती काढून दाखविली आणि हसून म्हणाला, “सर, कॅसेट अजून माझीच आहे. पण ती लावायला यंत्र आता कुठंच राहिलं नाही.”

मुलांनो, बाजारात नव्या वस्तू येतील आणि जातील. त्या वस्तूंपैकी आपल्या हाती खरोखर काय राहते, हे विकत घेण्यापूर्वी विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.